कळवा म्हणजे गाव की विनंती?

जुलैतली दुपार. ठाण्यात चार तास पाऊस थांबलेला नाही. कुणीतरी मोबाइलवर लिहितं, ‘कळव्यात पाणी भरलंय.’ दुसरं कुणी लिहितं, ‘तुमच्याकडे पाणी भरलं असेल तर कळवा.’ आणि दिव्याहून एक बाई लिहिते, ‘आज एकदाचं पाणी आलं, सगळी पिंपं भरून घेतली.’ पाणी तिन्ही वाक्यांत आहे, तुंबल्याची बातमी मात्र एकातच. आपल्याला हे वाचताक्षणी समजतं. संगणकाला शिकवावं लागतं. समाजमाध्यमांवरच्या लाखो नोंदी अभ्यासणाऱ्यांची बरीच मेहनत इथेच खर्ची पडते.

आपल्या भागातली गावांची नावं तर त्यांची परीक्षाच घेतात. ‘ठाणे’ शोधलं की राज्यभरातली पोलीस ठाणी हाती लागतात, ‘दिवा’ शोधला की देवघर. विभक्ती लागली की थोडी सुटका होते. ‘कळव्यात’ म्हटलं की ते गावच. पण ‘ठाण्यात तक्रार दिली’ म्हणजे शहरात की चौकीवर, हे शेजारच्या शब्दांवरूनच ठरवायचं. शिवाय आपण बरंचसं मराठी रोमन लिपीत लिहितो, आणि एकच शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहितात.

शेजारचे शब्द पाहून अर्थ ठरवण्याची ही रीत कुठवर नेते, ते टोकियो विद्यापीठातल्या साकाकी, ओकाझाकी आणि मात्सुओ या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. ‘भूकंप’ शब्द असलेली ट्विटं घ्यायची, त्यांतून ‘भूकंपावरच्या परिषदेला निघालोय’ अशी वगळायची, आणि ‘आत्ता हललं!’ असं सांगणाऱ्या प्रत्येक माणसाला एक संवेदक मानायचं. जपानी मापनात तीन किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे ९६ टक्के भूकंप त्यांनी एवढ्यावरून ओळखले. मराठीसाठी असं काम करायचं, तर माणसांनी वाचून खुणा केलेली वाक्यं आधी हवीत. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विटांचा असा संच खुला केला. त्यात प्रत्येक ट्विटाचा सूर चांगला, वाईट की तटस्थ, याची नोंद आहे. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पुढचा प्रश्न मोजणीचा. ठाण्यातल्या वंदना टॉकीजसमोर तुंबलेल्या पाण्याचा एकच फोटो मोजक्याच माणसांनी हजारदा पुढे पाठवला, तर हजार नोंदी दिसतात. सांगणारी माणसं मोजायची, तर प्रत्येक नाव लक्षात ठेवावं लागेल, आणि कोट्यवधी नावांना जागा पुरत नाही. यावर फ्रेंच गणिती फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सुरेख तोड मांडली, हायपरलॉगलॉग. नाणं उडवताना सलग दहा वेळा छापा पडल्याचं कुणी सांगितलं, तर त्याने साधारण हजारभर प्रयत्न केले असतील, असा अंदाज आपण बांधू शकतो. इथेही तसंच. प्रत्येक नावाचं शून्य-एकच्या माळेत रूपांतर करायचं आणि सुरुवातीला सलग किती शून्यं आली, त्याचा फक्त विक्रम जपायचा. तेच नाव पुन्हा आलं तरी माळ तीच येते, त्यामुळे विक्रम बदलत नाही. एकच विक्रम दगा देऊ शकतो, म्हणून नावं अनेक गटांत वाटून सगळ्या विक्रमांची सरासरी काढतात. दीड किलोबाइट जागेत अब्जावर वेगळी नावं मोजता येतात, चूक साधारण दोन टक्के.

एवढी हुशारी करूनही एक भोक उरतंच, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. २०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर आलं, तेव्हा काही दिवसांत दोन कोटींहून जास्त ट्विटं झाली. सगळ्यात जास्त आली ती मॅनहॅटनमधून. ब्रीझी पॉइंट, कोनी आयलंड, रॉकअवे इथे नुकसान जास्त होतं, पण तिथून आवाज तुरळक. वीज गेली, फोन बंद पडले, लिहिणार कोण? नुसता नोंदींचा नकाशा काढला असता, तर मदत गेली असती मॅनहॅटनला.

तोच नकाशा उद्या ठाण्याचा काढला, तर घोडबंदर रोडचे उंच मनोरे ठळक दिसतील आणि रुळांकडेच्या चाळी पुसट. म्हणून प्रत्येक वस्तीतून एरवी किती नोंदी येतात, ते आधी मोजून ठेवायला हवं. दिव्याहून रोज संध्याकाळी लोकलच्या तक्रारी येतात. भर पावसात त्या अचानक थांबल्या, तर पहिला फोन तिथल्या प्रभाग कार्यालयाला जायला हवा.