पुस्तकाची पीडीएफ वेगळी अन् पुस्तकातला क्यूआर कोड वेगळा, बघा की

जून आला की आपल्या सोलापुरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतोच, "पाचवीचं क्यूआरवालं पुस्तक कुणाकडं असेल तर पीडीएफ टाका." दोन्ही मोबाईलवर उघडतं म्हणून लोक एकच समजतात, पण ही दोन वेगळी कामं आहेत.

पीडीएफचं थोडक्यात सांगतो. बालभारतीचं छापील पुस्तक जसंच्या तसं स्क्रीनवर, बास. ई-बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं, एकदा डाऊनलोड केलं की नेट लागत नाही. पुस्तक शाळेत विसरलं, पान फाटलं, तर भागतं. भूगोलाचा नकाशा बोटांनी मोठा करून दाखवायला तर मस्तच. पण कागदावर जे नव्हतं ते पीडीएफमध्ये पण नसणार. म्हणून समोर छापील पुस्तक असताना तेच पान टीव्हीवर लावायचं आणि "आज डिजिटल तास झाला" म्हणायचं, ह्याला काय अर्थ आहे मला तरी कळत नाही.

क्यूआर कोडचा मामला निराळा. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात धडा पण नाही आणि व्हिडिओ पण नाही, मोबाईलने स्कॅन केल्यावर नेटवर कुठं जायचं तेवढा पत्ता असतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो काढला गाड्यांच्या पार्टचा हिशोब ठेवायला, आणि शाळेच्या पुस्तकात तो आणायची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातली, माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड जोडले, पुढं राज्याच्या पुस्तकांत आले, मग केंद्राची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने पण घेतले. त्यांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम गुरुजींनी फायनलच्या बाकी ९ शिक्षकांत वाटून टाकली. हे सगळ्यांना पाठ आहे, पण कोड वर्गात कसा वापरायचा त्याची चर्चा कमीच होते.

माझा हिशोब साधा आहे, पानाला जे जमत नाही तिथंच कोड उघडायचा. कवितेची चाल कागदावर ऐकू येत नाही. आपल्या पूर्व भागात कितीतरी पोरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, त्या पोरांना मराठी कविता आधी कानावर पडली पाहिजे, मग वाचायला सोपी जाते. हृदयाचे कप्पे कसे आकुंचन पावतात, रक्त कुठून कुठं जातं, हे पण चित्रापेक्षा हलताना बरं कळतं. पण बी रुजणं? ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी पिकते तिथं पोरांना दाणा रुजल्याचा व्हिडिओ कशाला ओ, ओल्या कापसात चार दाणे टाका आणि रोज बघायला सांगा.

आणि व्हिडिओ लावला तरी अख्खा पळवू नका. मधेच थांबवायचं, "आता पुढं काय होईल सांगा" विचारायचं, चुकीची उत्तरं येऊ द्यायची, मग पुढं चालू करायचं. त्यासाठी सरांनी-मॅडमनी आदल्या दिवशी घरी बघून ठेवलेला पाहिजे. कोड उघडायला नेट लागतं, वर्गात रेंज नसते, पण दीक्षा ॲपमध्ये (पुस्तकातले कोड ज्यात उघडतात ते सरकारी ॲप) बऱ्याच गोष्टी आधी डाऊनलोड करून ठेवता येतात, घरूनच घेऊन जायच्या. कोडचा अजून एक फायदा म्हणजे पलीकडचा व्हिडिओ बदलला तरी पुस्तक परत छापायला नको. पीडीएफचं तसं नाही, पुस्तक बदललं की नवी फाईल घ्या, आणि ग्रुपवर फिरणारी तर कधीची असेल भरवसा नाही, त्यामुळं उघडल्यावर आधी कुठल्या सालची आवृत्ती ते बघा.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न. पीडीएफ मोबाईलवर उघडली, त्यात कोड दिसतोय, पण त्याच मोबाईलने तो स्कॅन कसा करायचा? कोडच्या खाली सहा अक्षरा-आकड्यांचा एक छोटा कोड छापलेला असतो, तो दीक्षाच्या साइटवर जाऊन टाईप करा, स्कॅनची गरजच नाही. पानाचा कोपरा मळून कॅमेऱ्याला कोड ओळखू येत नसेल तरी हीच युक्ती चालते.