डिपस्टिकवर ऑइल वाढलंय? मग आधी स्टार्टर मारू नका

ऑइल कमी झालं की सगळे फोन करतात, वाढलं तर मात्र कोणाला काही वाटत नाही, पण इंजिनातलं ऑइल आपोआप वाढत नसतं हो, त्यात काहीतरी उतरलेलं असतं आणि जुन्या गाडीत ते बहुतेक वेळा पेट्रोलच निघतं (पाणी गेलं असेल तर ऑइल दुधाळ होतं, तो वेगळा विषय). डिपस्टिकचा वास घ्या, थेंब बोटांत चोळून बघा. पेट्रोलचा वास मारतोय, पातळ लागतंय, तर इंजिन चालू करू नका. असल्या ऑइलवर बेअरिंग खराब होतात, शिवाय क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साठलेली असते, त्यामुळे काडी लावून बघायचा प्रयोग तर नकोच नको.

आमचा पहिला संशय टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपावर. इंजिनाला बोल्ट केलेला, कॅमवर चालणारा मेकॅनिकल पंप असेल तर आतला डायफ्राम (रबरी पडदा) फाटल्यावर पेट्रोल थेट सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. काही पंपांना खाली बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल ठिबकतंय म्हणजे डायफ्राम गेला. ते भोक लीक समजून बुजवलेल्या गाड्या पण आमच्याकडे येतात, अहो ते बुजवलं की पेट्रोलला आत जायचाच रस्ता उरतो! डायफ्राम बदलताना इथेनॉल चालणारंच रबर घ्या, जुन्या स्टॉकचं लवकर जातं.

पंप ठीक असेल तर संशय कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). आत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो किंवा तो बंद करणाऱ्या पितळी फ्लोटला (तरंगणाऱ्या डबीला) भोक पडतं (कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डुचमळलेलं ऐकू येतं), मग जास्तीचं पेट्रोल मॅनिफोल्डमधून (हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांमधून) सिलिंडरमध्ये आणि रिंगांवरून खाली ऑइलमध्ये. फोर्ड मॉडेल ए सारखा अपड्राफ्ट (खालून वर ओढणारा) कार्ब्युरेटर असेल तर ते बाहेर जमिनीवर सांडतं, निदान दिसतं तरी. कोणी नंतर इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर प्रेशर मोजून घ्या, जुन्या कार्ब्युरेटरला साधारण 2 ते 4 पीएसआय (प्रेशरचं माप) पुरतं, इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप 40 च्या आसपास मारतो, नीडल कुठून टिकणार. अडकलेला चोक (थंड इंजिनाला हवा कमी करणारी झडप), मिसफायर मारणारा प्लग आणि गरम व्हायच्या आत बंद होणाऱ्या छोट्या फेऱ्या, यांनी पण हळूहळू हेच होतं.

ऑइल, फिल्टर बदलून डिपस्टिकवर खूण करा. उभ्या गाडीत रातोरात वाढलं तर पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर आहे का बघा आणि टाकीचा कॉक बंद करून परत तपासा. चालवल्यावरच वाढत असेल तर पंप नाहीतर चोक. या टेस्टला महागडं ऑइल घालू नका, दोष सापडला की ते परत काढायचंच आहे.