कापूस भावजोखीम (खान्देश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील कापूस उत्पादकाच्या उत्पन्नावर जागतिक बाजार, डॉलरचा दर आणि आयात धोरण यांमुळे येणारी अनिश्चितता. कापूस विकला जातो धरणगावच्या नाहीतर शिरपूरच्या जिनिंगला (कापसातून बी वेगळे काढणाऱ्या कारखान्याला). भावाचा हिशेब मात्र न्यूयॉर्कच्या वायद्यापासून (पुढच्या महिन्यांतल्या मालाचा आज ठरणारा भाव) सुरू होतो. हा संबंध जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) तिकडचा पुरवठा तुटला तेव्हा इथल्या रुईला (बी काढलेल्या कापसाला) सोन्याचे दिवस आले, आणि युद्ध संपताच भाव कोसळला.

न्यूयॉर्कचा भाव पौंडाला सेंटमध्ये असतो, आपल्याकडे रुईचा भाव खंडीला. खंडी ३५६ किलोंची, म्हणजे सुमारे ७८४ पौंड. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी (कापसाचे बी) निघते, उरलेली घट. डॉलर ८५ रुपये धरला, तर वायदा १ सेंटने उतरला की खंडीमागे ६६६ आणि कापसाच्या क्विंटलमागे सुमारे ६४ रुपये कमी होतात. सरकी किलोला १ रुपयाने उतरली तरी फटका तेवढाच, ६४ रुपयांचा. म्हणून नुसता रुईचा भाव पाहून माल धरून ठेवणे धोक्याचे. सरकीचा भाव ढेप (पेंड) आणि खाद्यतेलावर चालतो, आणि खाद्यतेलाचा बाजार इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलावर. रुपया घसरला तर उलट होते: वायदा ७० सेंट असताना डॉलर १ रुपयाने महागला की क्विंटलमागे सुमारे ५२ रुपये वाढतात. पण डीएपी आणि पोटॅश ही खतेही बरीचशी आयातीची, त्यामुळे या लाभातला काही भाग पुढच्या हंगामाच्या खतात जातो.

मे २०२२ मध्ये १५० सेंटच्या पुढे गेलेला वायदा ऑक्टोबरअखेर ७५ च्या खाली आला. अमेरिकेत व्याजदर वाढत होते, कापडाची मागणी आटली होती. आदल्या हंगामातला दहा हजारांपुढचा भाव पाहिलेल्या अनेकांनी नवा कापूस घरातच ठेवला. साठवलेला कापूस सुकून वजनात घटतो, पिवळा पडतो, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते. पीककर्ज आणि उधारीचे व्याज वेगळे. मग निकड आली की खेडा खरेदीवाल्याला (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला) मिळेल त्या भावात द्यावा लागतो.

वायदे बाजाराचा आधार लहान शेतकऱ्याला जवळपास नाही. एमसीएक्स (मल्टी कमोडिटी एक्स्चेंज) या बाजारातला सौदा ४८ खंडींचा, म्हणजे सुमारे ५०० क्विंटल कापसाचा; एकरी ५ क्विंटल धरले तर १०० एकरांचा माल.

धोरणाचा धक्का अचानक बसतो. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क एप्रिल २०२२ मध्ये आणि पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून काही काळ उठवले गेले. याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्यामुळे कापड निर्यातदारांची मागणीही अडचणीत आली. दोन्ही गोष्टी वेचणीच्या तोंडावर घडल्या.

यावर खरा आधार हमीभावाचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याला क्विंटलला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये असून खरेदी भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) करते. पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर माल परत. दिवाळीच्या सुमारास दव असते, म्हणून वेचणी ऊन चढल्यावर करून कापूस दोन दिवस वाळवावा. फरदड (हंगामानंतर राखलेल्या झाडांचा कापूस) आणि कवडी (अर्धवट उमललेल्या, किडक्या बोंडांचा कापूस) पहिल्या वेचणीत मिसळू नये. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची कापसाची नोंद नसेल, तर चांगला मालही केंद्राबाहेरच अडतो.