घाटी वर का उसळते?

गळ्यावरच्या घाटीवर बोट टेकवा आणि आवंढा गिळा. घाटी झटकन वर उसळते, क्षणभर तिथेच थांबते आणि परत खाली येऊन बसते. बोटाला जाणवलं ते तुमचं स्वरयंत्र.

श्वासनलिकेवर एक झाकण असतं, घास आला की ते पडतं, असं आपण शाळेत शिकलो. चूक नाही, पण त्या झाकणाला जरा जास्तच श्रेय मिळालंय. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ते काढावं लागलेले बरेच जण सरावाने पुन्हा गिळायला शिकतात.

खरी कसरत अख्खं स्वरयंत्र करतं. वर आणि पुढे सरकून ते जिभेच्या बुडाखाली दडतं. आत दोन्ही स्वरतंतू घट्ट मिटतात, त्यांच्या वरच्या घड्या मिटतात, झाकण आडवं होतं. शिवाय स्वरयंत्र पुढे सरकलं की मागे एरवी आवळलेलं अन्ननलिकेचं तोंड ओढलं जाऊन उघडतं. एकाच हिसक्यात एक वाट बंद, दुसरी मोकळी! घशातला हा सगळा कारभार साधारण सेकंदाभरात उरकतो आणि तेवढा वेळ श्वास थांबलेला असतो. गिळून झाल्यावर नाकाखाली बोट धरून बघा. बहुतेक वेळा आधी श्वास बाहेर येतो, म्हणजे दारात राहिलेला कण आत ओढला जायला नको.

स्वरयंत्र म्हणजे मुळात श्वासाच्या वाटेवरची झडपच. फुप्फुस असलेल्या माशांमध्येही तिचं साधं रूप असतं. मूळ काम राखणदारीचं. बोलणं, गाणं ही तिची नंतरची कमाई.

गप्पांच्या नादात पाण्याचा घोट घेतला की ही वेळ चुकते. पाणी घासापेक्षा चपळ, झडप मिटायच्या आत दारात पोचतं. मग ठसका लागतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘कोण आठवण काढतंय?’ ठसका हा दुसरा पहारा आहे, लागतोय तोवर बरं.

पक्षाघातानंतर काहींच्या घशाची जाणीवच बोथट होते. पाणी श्वासनलिकेत उतरतं, तरी ठसका नाही. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत डॉक्टर तोंडाने काहीच देऊ देत नाहीत आणि नातेवाईक कळवळतात, ‘अहो, दोन चमचे पाणी तरी!’ नेमकं तेच धोक्याचं. अशा काही रुग्णांना पुढे पाणीसुद्धा पेजेसारखं दाट करून देतात, कारण दाट घोट सावकाश उतरतो आणि झडपेला मिटायला सवड मिळते.