पायपर जे-३ कब : देखभाल आणि दोषशोधन

पायपर जे-३ कब हे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॉक हेवन येथे १९३८ ते १९४७ या काळात तयार झालेले दोन आसनी हलके विमान. पंख डोक्यावर, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, पुढे दोन मोठी चाके आणि शेपटाखाली एक चिमुकले चाक अशी त्याची रचना असते. अशा विमानांना वैमानिकांच्या बोलीत ‘टेलड्रॅगर’ म्हणतात. सुमारे २० हजार कब बनली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने ती एल-४ या नावाने टेहळणीसाठी आणि तोफखान्याचा मारा दिग्दर्शित करण्यासाठी वापरली. त्यांतली बरीच आजही उडत आहेत.

विमानाचे रिकामे वजन ३४५ किलोग्रॅमच्या आसपास. मूळ विमानात बॅटरी नाही, स्टार्टर नाही, इंधनाचा पंपसुद्धा नाही. इंधनाची टाकी वैमानिकापुढे उंचावर असते आणि पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरते. बिघडण्यासारखे भाग त्यामुळे थोडे आहेत. मात्र बिघाड झाला की तो सांगायला कोणताही दिवा लागत नाही. तो बोटांनी चाचपून, कानांनी ऐकून आणि कधी कधी वासावरून ओळखावा लागतो.

कब जमिनीवर नाक वर करून, शेपूट टेकून बसते. त्याच्या देखभालीतले बरेच प्रश्न या बसण्याच्या ढबीतूनच निघतात. पावसाचे, दवाचे किंवा धुतानाचे पाणी आत शिरले की ते उतारावरून मागे वाहत जाते आणि शेपटाजवळच्या खालच्या नळ्यांपाशी साचते. तेथे कापडाला पाणी निचरण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती रंगाने किंवा मातीने बुजली, तर सांगाड्याच्या खालच्या लांब नळ्या कापडाआड गंजत राहतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक तपासणीची सुरुवात इंजिनापासून न करता शेपटापासून करतो. संशयित जागी नळी टोकदार आरीने दाबून पाहायची. पत्रा आत गेला की निकाल लागला. नळ्यांच्या आतून गंज चढू नये म्हणून जवसाचे उकळलेले तेल आत ओतून, फिरवून, जास्तीचे काढून घेण्याची पद्धत जुनी आहे आणि ती उपयोगी ठरली आहे. उंदरांचाही येथे विचार करावा लागतो. हँगरमध्ये महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या विमानात ते घरटे करतात आणि त्यांच्या मुताने पोलाद व अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाल्ले जाते. शेपटाकडून येणारा कुबट वास हे कापड उघडून पाहण्याचे पुरेसे कारण मानावे.

पंखांना खालून आधार देणाऱ्या तिरप्या नळ्या म्हणजे स्ट्रट. हा या विमानाचा सर्वांत गंभीर दुखरा भाग आहे. स्ट्रटचे खालचे टोक धडाच्या तळाला जोडलेले असल्याने आत शिरलेले पाणी नेमके तेथे उतरते आणि नळी आतून पातळ होत जाते. स्ट्रट उडताना तुटला तर पंख टिकत नाही. त्यामुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने मूळ पद्धतीच्या स्ट्रटची दर २४ महिन्यांनी तपासणी सक्तीची केली आहे. स्ट्रटच्या टोकाला आटे असलेला जो काटा बसतो, त्याच्या आट्यांत तडे जातात का हेही पाहावे लागते. दोन्ही टोके बंद केलेले नवे स्ट्रट बसवले की गंजाच्या या फेऱ्या थांबतात. ज्याला विमान बराच काळ ठेवायचे आहे त्याने इतर कुठल्याही सजावटीआधी हा खर्च करावा.

कापडाचे वय मोजायची रीत वेगळी आहे. मूळ विमानांवर सुती कापड असे. ते ताणून, वर डोप नावाचे वार्निशसारखे द्रावण चढवून ढोलासारखे घट्ट केले जाई. उत्तम प्रतीच्या नव्या सुती कापडाची एक इंच रुंद पट्टी ८० पौंड ताण सोसते. त्या विमानाला मुळात जेवढ्या ताकदीचे कापड आवश्यक होते, त्याच्या ७० टक्क्यांखाली ताकद उतरली की कापड बाद ठरते. सुताचा खरा शत्रू ऊन. ते अडवण्यासाठी डोपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मिसळून चंदेरी थर देतात. हा थर पुरेसा आहे का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. अंधारात पंखाच्या आत दिवा धरायचा आणि बाहेरून पाहायचे. जेथून उजेड झिरपतो तेथून ऊनही झिरपते. आता बहुतेक विमानांवर पॉलिएस्टरचे कापड असते आणि ते सुतापेक्षा कितीतरी अधिक टिकते. पण त्यामुळे एक नवी पंचाईत झाली. पूर्वी दर काही वर्षांनी कापड उतरवावेच लागे, तेव्हा सांगाडा आपोआप नजरेखालून जाई. आता चकचकीत पिवळ्या कापडाखाली काय चालले आहे, हे तीस-तीस वर्षे कोणी पाहत नाही. जुने कब विकत घेणाऱ्याने रंगावर भुलू नये. नायट्रेट डोप भडकन पेट घेते, तेव्हा त्याचे काम चालू असताना ठिणगी जवळपास फिरकू देऊ नये.

शेपूटचाकाची सर्वांत परिचित तक्रार म्हणजे ‘शिमी’. उतरल्यावर वेग कमी होत असताना छोटे चाक डावी-उजवीकडे इतके जोराने फडफडते की अख्खे विमान हादरते. नवखा मालक आधी टायरमधली हवा बदलतो, मग चाकाला सुकाणूशी जोडणाऱ्या साखळ्या आवळतो आणि तरीही फडफड थांबत नाही. खरे कारण बहुधा वर असते. चाक ज्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवर बसते ती वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी सपाट होते. त्यामुळे चाक ज्या खुंटीभोवती वळते तिचा माथा पुढे कलतो आणि चाक स्थिर राहण्याऐवजी भरकटू पाहते. विमान भरलेले असताना ही खुंटी सरळ उभी किंवा माथ्याशी किंचित मागे कललेली हवी. स्प्रिंगला पुन्हा बाक दिला किंवा ती बदलली की शिमी जाते. झिजलेले बुश (खुंटीभोवतीची नळकांडी) आणि ढिल्या साखळ्या यांचा क्रम त्यानंतर लागतो.

याच रचनेमुळे ‘ग्राउंड लूप’ होतो. विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. त्यामुळे धावपट्टीवर विमान थोडे तिरके झाले की मागचे वजन पुढे येऊ पाहते आणि तिरकेपणा वाढतच जातो. सायकल उलटी ढकलताना हँडल जसे आपणहून वळते, तसाच हा प्रकार. वैमानिकाने वेळीच पायाने सावरले नाही तर विमान गर्रकन फिरते, पंखाचे टोक जमिनीला घासते आणि सगळा आडवा जोर चाकांच्या दांड्यांवर येतो. अशा प्रसंगानंतर पंखाच्या टोकाला ठिगळ लावून काम संपत नाही. दांड्या जेथे धडाला जोडल्या आहेत ते जोड, आजूबाजूच्या नळ्यांचे वेल्डिंग आणि पंखाच्या मुख्य तुळया तपासाव्या लागतात. सुरुवातीच्या कबांमध्ये या तुळया स्प्रूस लाकडाच्या होत्या, पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या. लाकडात दाबाने पडलेली चीर केसासारखी बारीक असते आणि ती तंतूंना आडवी जाते, म्हणून प्रखर उजेड तिरपा पाडून शोधावी लागते.

चाकांचे धक्के रबरी दोरांचे वेढे झेलतात. त्यांना बंजी म्हणतात. विमान सपाट जमिनीवर उभे असताना एक पंख खाली दिसला, तर आधी त्या बाजूची बंजी सैल पडली का ते पाहावे. दोराच्या वेष्टणात विणलेल्या रंगीत धाग्यांवरून तो कधी बनला ते कळते, तेव्हा ‘नवा आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही.

बहुसंख्य कबांमध्ये आज कॉन्टिनेन्टल ए-६५ हे हवेने थंड होणारे, समोरासमोर चार सिलिंडरांचे ६५ अश्वशक्तीचे इंजिन असते. त्यात जेमतेम पावणेचार लिटर तेल मावते आणि मूळ इंजिनाला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. दर २५ तासांनी तेल बदलणे म्हणूनच किफायतशीर ठरते. तेलाचा दाब कमी दिसला की इंजिन उतरवण्याची घाई होते. त्याआधी दाब नियंत्रित करणारी झडप काढून पुसावी. तिच्या बैठकीवर अडकलेला काजळीचा कण हे कारण कितीदा तरी निघते.

सिलिंडर तपासताना त्यात चौरस इंचाला ८० पौंड दाबाने हवा सोडतात आणि गळती कुठून होते ते कान लावून ऐकतात. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, तेलाच्या वाफेच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन अडखळते आणि तापल्यावर सुरळीत होते, तेव्हा व्हॉल्व्ह आपल्या मार्गदर्शक नळीत काजळीने अडकू लागला आहे असे समजावे. या तक्रारीकडे ‘थंडी आहे’ म्हणून दुर्लक्ष केले जाते आणि एके दिवशी व्हॉल्व्ह हवेतच अडकतो.

इंजिनाला दोन मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीविना प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रे, असतात. एकावर इंजिन खडखडू लागले तर कोणता प्लग गेला हे कळण्यासाठी उपकरण लागत नाही. त्याच मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवून इंजिन बंद करायचे आणि एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकायचे. जी नळी चुरचुरत नाही तिचा सिलिंडर जळत नव्हता.

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणे ही या इंजिनाची जुनी खोड. हवा दमट असेल तर २० अंश सेल्सिअसलाही बर्फ जमतो, कारण पेट्रोलचे बाष्प होताना आतले तापमान झपाट्याने उतरते. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होत जातात. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ ओढली की ते आणखी कमी होतात, इंजिन क्षणभर खोकते आणि मग फेरे वर येतात. तो खोकला म्हणजे वितळलेला बर्फ. घाबरून कळ परत ढकलणे ही चूक.

इंधन किती उरले ते टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार दाखवते. तिच्या खालच्या टोकाला बूच असते. मोटारीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने बुचाचे वार्निश विरघळले की बूच पेट्रोल पिऊन बुडते आणि टाकी भरलेली असूनही तार खाली जाते. झाकणातले हवेचे भोक बुजले तर याच्या उलट फसवणूक होते. टाकीत पेट्रोल असते, पण ते उतरत नाही.

स्टार्टर नसल्याने प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो, आणि येथे मॅग्नेटोची देखभाल हा जिवाचा प्रश्न होतो. स्विच बंद केल्यावर मॅग्नेटोला निष्प्रभ करणारी तार तुटलेली असेल तर बंद दिसणारे इंजिनही प्रोपेलर हलवताच पेटते. म्हणून प्रत्येक उड्डाणाअखेर इंजिन मंद असताना स्विच क्षणभर बंद करून ते खरोखर बंद पडू पाहते का, ते बघतात. सुरू करताना चाकांना अडसर लावायचा, शेपूट दोराने बांधायचे आणि आत जाणता माणूस बसवायचा.

भारतात या घराण्याचे सर्वांत जवळचे विमान म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक. त्याचे पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी झाले. ते अमेरिकेच्या एरॉन्का चीफ या विमानाच्या धर्तीचे होते. त्याच्या मागे असलेले अभियंते विष्णु माधव घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली होती. देशातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये पुष्पकवर अनेक पिढ्या शिकल्या. त्याचे कॉन्टिनेन्टल इंजिन ९० अश्वशक्तीचे, पण ए-६५ च्याच कुळातले, आणि तेही कापडाने मढवलेले शेपूटचाकी विमान. त्यामुळे वर सांगितलेल्या कापड, शेपूटचाक, मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर यांच्या बहुतेक तक्रारी पुष्पक सांभाळणाऱ्या मेकॅनिकलाही ओळखीच्या वाटतील. आपल्याकडच्या पावसाळ्यात शेपटाकडची निचऱ्याची भोके मात्र त्याला अधिक वेळा पाहावी लागत.