लिनक्स कर्नलची आचारसंहिता अन् एका ईमेल पत्त्याचं भांडण

आपल्याकडं आचारसंहिता लागली म्हणलं की टेंडर अडकलं, बॅनर उतरले, उद्घाटन पुढं गेलं. त्यामुळं लातूर-नांदेडकडच्या पोरांना ओपन सोर्समधली, म्हणजे कुणालाही कोड बघता-बदलता येतो अशा प्रोजेक्टमधली, कोड ऑफ कॉन्डक्ट (एकमेकांशी कसं वागायचं याचे नियम) सांगताना हा शब्द वापरला की घोळ होतो. निवडणुकीची लागते अन् उठते, प्रोजेक्टची एकदा रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवतात तिथं, फाइल म्हणून आली की राहते. शिवाय निवडणुकीत कारवाई कोण करणार हे ठरलेलं असतं, इथं सगळं भांडण त्याच्यावरच आहे.

सुरुवातीचं थोडक्यात. लिनक्सवरच्या उबंटू या सिस्टीमनं फार आधी अशी संहिता आणली, डेबियन या दुसऱ्या सिस्टीमनं २०१४ ला मतदान घेऊन स्वीकारली. त्याच वर्षी कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट हा कुणालाही उचलता येईल असा तयार मसुदा आला. २०१५ ला ओपल नावाच्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर वाद पेटला, टीममधल्या एकानं ट्विटरवर ट्रान्सजेंडर लोकांबद्दल लिहिलं म्हणून त्याला काढा अशी मागणी, मग बाहेर बोललेलं आत मोजायचं का हा प्रश्न. रुबी या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी २०१६ ला स्वतःचा छोटा मजकूर घेतला.

खरा विषय कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. तिथं २०१५ पासून 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' होता, म्हणजे तुमच्या कोडवर कडक टीका होणारच, वैयक्तिक त्रास झाला तर कळवा, एवढंच. सप्टेंबर २०१८ मध्ये कर्नलच्या मूळ कर्त्यानं ४.१९-आरसी४ या चाचणी आवृत्तीच्या मेलमध्येच आपल्या जुन्या बोलण्याबद्दल माफी मागितली, सुट्टी घेतली, आणि त्याच वेळी कव्हेनंटची १.४ आवृत्ती आत आली, मेलिंग लिस्टवर आधी उघड चर्चा न होता. ही घाई मला आजही चूक वाटते, मजकूर योग्य असूनही.

कारण पुढचा महिना एका वाक्यात अडकला. परवानगीशिवाय कुणाचा राहता किंवा 'इलेक्ट्रॉनिक' पत्ता जाहीर करायचा नाही, असं त्यात होतं. आता कर्नलच्या प्रत्येक कमिटखाली (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाखाली) साइन्ड-ऑफ-बाय म्हणून नाव अन् ईमेल असतोच, त्याशिवाय पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, घेतच नाहीत, मग दुसऱ्याचा पॅच पुढं पाठवणारा मेंटेनर (त्या भागाचा कोड सांभाळणारा) रोज नियम मोडतो का? त्यावर 'प्रोजेक्ट एरवी गोळा करत नाही असा पत्ता' अशी दुरुस्ती सुचवली गेली. जो मेंटेनर संहिता राबवणार नाही त्याच्यावरच कारवाई, हे कलम काढलं, अन् अर्थ सांगणारी वेगळी फाइल जोडून ऑक्टोबरमध्ये ४.१९ निघालं. मधल्या काळात जीपीएल, म्हणजे कोड वापरायची दिलेली परवानगी, परत घेऊ, कोड काढून नेऊ अशा धमक्या आल्या, कुणी काही नेलं नाही.

विरोध करणारे म्हणायचे की कोड बघा, माणूस बघू नका. ऐकायला बरोबर वाटतं, पण आमच्या संभाजीनगरच्या होस्टेलवरच्या एका पोरानं लाइट आल्यावर रात्री दोनला पहिला पॅच पाठवला होता, कर्नलला नाही, दुसऱ्याच एका प्रोजेक्टला, अन् सकाळी उत्तरात कोडबद्दल एक अक्षर नव्हतं, फक्त त्याच्या इंग्रजीवर दोन ओळी होत्या. त्यानं ब्रँच, म्हणजे त्या बदलाची आपली प्रत, डिलीट केली, कुणाला सांगितलं पण नाही, मला चार महिन्यांनी कळलं. असं कळवायला तिथं जागाच नव्हती.

फाइल असली तरी ती लागू कोण करतं हे उरतंच. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेकडं संहिता सुरुवातीपासून, तरी नोव्हेंबर २०२१ ला त्यांची संहिता राबवणारी अख्खी मॉडरेशन टीम राजीनामा देऊन गेली, वरच्या टीमला जाब विचारता येत नाही म्हणून. कर्नलमध्ये एका फाइलसिस्टीम मेंटेनरनं सहकाऱ्याला लिस्टवर शिवीगाळ केली होती, तेव्हा २०२४ च्या नोव्हेंबरात संहितेच्या समितीच्या शिफारशीवरून ६.१३ आवृत्तीच्या पूर्ण सायकलमध्ये त्याचे पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशा विनंत्या) घ्यायचे नाहीत असं ठरलं. त्याच सुमारास अर्थ सांगणाऱ्या फाइलमध्ये कारवाईच्या पायऱ्याही लिहिल्या गेल्या, त्यात जिथं बोलला तिथंच जाहीर माफी मागायला सांगणं ही पायरी आहे.