पार्श्वभूमी : हॅनफर्डच्या टाक्या आणि ‘उच्च’ या शब्दाचा घोळ

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठच्या हॅनफर्ड अणुस्थळावर १९९० च्या आसपास नोकरीला लागलेले सरकारी अभियंते आता निवृत्त झाले आहेत किंवा व्हायच्या बेतात आहेत. अणुकचऱ्याच्या सफाईत आयुष्य गेले म्हटले की पांढरा झगा आणि तोंडावरचा मास्क डोळ्यांपुढे येतो. यांची वर्षे बरीचशी टेबलाशी गेली. हात घालायचे काम कंत्राटदारांचे. त्यांची माणसे दहा हजारांच्या घरात, सरकारी माणसे काही शे. सरकारी अभियंत्याने आराखडे तपासायचे, पाहणी करायची, बिलांवर शेरे मारायचे आणि राज्याच्या नियंत्रकांच्या पत्रांना उत्तरे द्यायची. ही उत्तरे फिरून फिरून एकाच ठिकाणी अडत: टाकीत जे आहे, त्याला म्हणायचे काय?

दुसऱ्या महायुद्धात इथे अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातला एकच निर्णय इथे कामाचा. वापरलेले इंधन नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून प्लुटोनियम काढले की मागे जहाल आम्लयुक्त द्रव उरतो. तो साठवायला स्टेनलेस स्टील हवे, पण युद्धात त्याची टंचाई. मग साध्या पोलादाचे अस्तर दिलेल्या काँक्रीटच्या टाक्या जमिनीत पुरल्या आणि पोलाद टिकावे म्हणून कचऱ्यात कॉस्टिक सोडा ओतला. पोलाद तात्पुरते वाचले, कचरा मात्र कितीतरी वाढला आणि त्याचे थर बसले. तळाशी थिजलेल्या पिठल्यासारखा गाळ, त्यावर ओल्या खडीसाखरेसारखा मिठाचा थर आणि वर खारट पाणी. अशा १७७ टाक्या, त्यांत सुमारे २१ कोटी लिटर ऐवज. १४९ टाक्या एकाच अस्तराच्या. ६७ टाक्यांतून गळती झाल्याचा संशय आहे.

प्लुटोनियम बनवणारी शेवटची अणुभट्टी १९८७ मध्ये थांबली. १९८९ मध्ये केंद्राचे ऊर्जा खाते, केंद्राचीच पर्यावरण यंत्रणा आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात सफाईचा करार झाला. त्याच वर्षी ऊर्जा खात्यात सफाईचा वेगळा विभाग निघाला आणि वर उल्लेखलेली पिढी भरती झाली. त्यांच्या वाट्याला अविश्वास आयताच आला होता. १९८६ मध्ये लोकांच्या रेट्यामुळे खात्याला १९,००० पाने खुली करावी लागली होती, आणि १९४९ मध्ये मुद्दाम हवेत सोडलेल्या किरणोत्सारी आयोडीनची हकिगत त्यातूनच बाहेर आली.

आता त्या शब्दाकडे. ‘उच्च पातळीचा कचरा’ म्हटल्यावर कोणालाही वाटेल की किरणोत्सार मोजायचा, अमुक आकड्याच्या वर गेला की उच्च. तसे नाही. १९८२ च्या कायद्याने ही पातळी मुख्यतः उगमावरून ठरवली: वापरलेल्या इंधनावरच्या प्रक्रियेतून निघाला, की उच्च. गुणांवरून नव्हे, जन्मावरून. व्याख्येत ‘पुरेशा प्रमाणात’ अशी एक पुस्ती आहे. पुरेसे म्हणजे किती, हे लिहिलेले नाही. उच्च ठरलेल्या कचऱ्याची जागा खोल भूगर्भात. ती जागा देशात आजही तयार नाही.

१९९९ मध्ये खात्याने आदेश काढला: महत्त्वाची किरणोत्सारी द्रव्ये शक्य तेवढी काढून घेतल्यावर जे उरते ते प्रक्रियेत ‘आनुषंगिक’ निघालेले समजावे, उच्च नव्हे. अभियंत्याच्या नजरेतून पाहिले तर यात गैर काही नव्हते. टाकीच्या कोपऱ्यातला शेवटचा गाळ खरवडणे महाग, आणि खरवडणाऱ्यांनाच अधिक घातक. पण स्वतःच्या कचऱ्याचे नाव स्वतःच बदलायचे, हे पर्यावरणवाद्यांना आणि आदिवासी जमातींना पटले नाही. २००३ मध्ये आयडाहोतल्या न्यायालयाने आदेश रद्द ठरवला. २००४ च्या नोव्हेंबरात अपील न्यायालयाने तो निकालही मोडीत काढला. कारण एवढेच, की दावा वेळेआधीच आणला होता. मूळ प्रश्न तसाच राहिला.

मधल्या काळात, ऑक्टोबरात, संसदेने तोडगा काढला होता आणि खरा गुंता तिथे झाला. संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून साउथ कॅरोलायना आणि आयडाहो या दोनच राज्यांत असा कचरा उच्च यादीतून वगळायची मुभा दिली. वॉशिंग्टन बाहेर राहिले. एकाच जातीचा गाळ साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर अणुस्थळावर टाकीतच सिमेंटखाली गाडता येतो. हॅनफर्डला खाते जुन्या आदेशाकडे बोट दाखवते आणि राज्य नकारार्थी मान हलवते. २०१९ मध्ये खात्याने पुन्हा नवा अर्थ मांडला, की उगम नको, घटक बघा. राज्याने त्यालाही विरोध केला. राज्याची शंका रास्त होती असे मला वाटते, पण तिची किंमत वर्षांत मोजावी लागली.

नाव बदलले की कृती बदलते. उच्च असेल तर काच करायची: काचेच्या कच्च्या मालात मिसळून १,१५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून पोलादी डब्यात ओतायची. (आपल्या तारापूरला हे काम १९८० च्या दशकातच सुरू झाले, अर्थात कचरा त्या मानाने फारच थोडा.) नसेल तर सिमेंट, फ्लाय ॲश आणि स्लॅगमध्ये कालवून गोठवणे पुरते, आणि ते कितीतरी स्वस्त पडते. हॅनफर्डच्या काच कारखान्याचे बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले. आराखडा आणि बांधकाम बरोबरीने चालले, त्यामुळे शंका निघाल्या तेव्हा काँक्रीट ओतून झालेले होते. घट्ट गाळ ढवळणारी यंत्रणा चालेल का, या वादात मुख्य इमारतीचे काम २०१२ च्या सुमारास थांबले. शंका काढणाऱ्या काहींना त्याचा त्रासही भोगावा लागला.

सिमेंटचा मार्ग पुन्हा उघडला तो २०१७ मध्ये, जेमतेम ११ लिटरनी. टाकीतले एवढे द्रव गाळून, सिमेंटमध्ये गोठवून टेक्सासला पाठवले. दोन बादल्यांत मावेल एवढ्या मालाची परवानगी हा कित्येकांच्या कारकिर्दीतला मोठा टप्पा ठरला. राज्य आणि केंद्र यांच्यातला नवा समझोता २०२५ च्या जानेवारीत पक्का झाला. त्यानुसार पश्चिमेकडच्या २२ टाक्यांतला कचरा २०४० पर्यंत काढून, त्यातला कमी किरणोत्साराचा भाग सिमेंटमध्ये गोठवून राज्याबाहेर न्यायचा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात काच कारखान्याने पहिल्यांदा खऱ्या कचऱ्याची काच ओतली. तीही कमी किरणोत्साराच्या भागाची. उच्च पातळीच्या गाळाची काच करणाऱ्या कारखान्याचे बांधकाम अजून चालू आहे.